माजघरातली आजी आणि रात्रीचा दशावतार : एकच प्राइम लेन्स घ्यायची, तर कोणती?

ओवळ | ४ ऑक्टोबर, रात्री ९.४०

नमस्कार. गेली चार वर्षे माझ्याकडे निकॉन डी५६०० हा कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. दिवसाउजेडी बाहेर काढलेल्या छायाचित्रांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण येते ती मला ज्या दोन गोष्टी सर्वांत मनापासून टिपायच्या आहेत, नेमकी तिथेच.

पहिली गोष्ट म्हणजे कुडाळजवळच्या आमच्या घरी राहणारी माझी ८७ वर्षांची आजी. तिचा बहुतेक दिवस माजघरात जातो. तिथे उजेड येतो तो एका लहान खिडकीतून आणि छपरात बसवलेल्या एका काचेच्या कौलातून. दुपारी दोननंतर तोही मावळतो. दुसरी गोष्ट म्हणजे गावच्या जत्रेतला दशावतार, जो रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो.

गेल्या खेपेला संध्याकाळी बल्बच्या उजेडात आजी सुपात तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा मी झूम ५५ वर नेऊन चित्र काढले. लेन्सचे छिद्र एफ/५.६, शटर सेकंदाचा १/६० भाग उघडे आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० असे आकडे होते. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले, तर तिच्या गालावरच्या सुरकुत्यांच्या जागी नुसते रंगीत दाणे होते आणि तांदूळ पाखडणारा हात पुसल्यासारखा आला होता. फ्लॅश लावला की ती डोळे मिटते, म्हणून तो मार्ग मी सोडून दिला आहे.

मला एकच प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली, एकाच मापाची लेन्स, घेता येईल. ३५ मिमी, ५० मिमी की ८५ मिमी, यांतली कोणती घ्यावी आणि का, हे कृपया अनुभवाने सांगावे. डिसेंबरातल्या जत्रेच्या आत निर्णय घ्यायचा आहे.

चौकट | ४ ऑक्टोबर, रात्री १०.२५

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण अडचण नेमकी कुठे आहे ते त्यांतूनच दिसते. एफच्या पुढचा आकडा म्हणजे लेन्सच्या नाभीय अंतराला (३५, ५०, ८५ मिमी हे आकडे त्याचेच) तिच्या छिद्राच्या व्यासाने भागून येणारी संख्या. आत येणारा उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्यामुळे एफ/५.६ वरून एफ/१.८ वर आलात, की सेन्सरवर जवळजवळ साडेनऊ पट उजेड पडतो. त्याच माजघरात, त्याच बल्बखाली, १/६० वरच राहिलात तर आयएसओ ६४०० ऐवजी साधारण ६४० पुरेल. हात स्थिर दिसावा म्हणून १/१२५ वर गेलात, तरी तेराशेच्या आसपास भागेल. हा फरक डोळ्यांना लगेच जाणवण्याइतका मोठा आहे.

माझा कौल ५० मिमी एफ/१.८ जी या लेन्सला. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ‘क्रॉप’, म्हणजे मोठ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान आहे. त्याच्यावर तिची चौकट फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीइतकी होते आणि चेहऱ्यासाठी ती उत्तम आहे. वजन १८५ ग्रॅम आहे, त्यामुळे गळ्यात कॅमेरा असल्याचे ओझे वाटत नाही.

एक सावधगिरीची सूचना मात्र आधीच देतो. याच नाभीय अंतराची जुनी ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्सही बाजारात मिळते आणि ती स्वस्तही असते, पण तिच्यात स्वतःची फोकस मोटर नाही आणि डी५६०० च्या बॉडीतही ती नाही. त्यामुळे तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा फोकस कायम हातानेच करावा लागेल. पावतीवर आणि लेन्सवर ‘जी’ आणि ‘एएफ-एस’ ही अक्षरे पाहूनच पैसे द्यावेत.

उत्तररात्र | ४ ऑक्टोबर, रात्री ११.५०

मी पंधरा वर्षे हौशी नाटकांची आणि नृत्याच्या कार्यक्रमांची छायाचित्रे काढतो आहे आणि माझे उत्तर ८५ मिमी असे आहे. पोर्ट्रेट म्हटले की ८५, हे फोटोग्राफीतले जुने शहाणपण उगाच रूढ झालेले नाही. मागचा पसारा लोण्यासारखा विरघळतो, चेहरा जसा आहे तसा दिसतो आणि समोरच्या माणसाच्या अंगावर न जाता काम करता येते. दशावतारात तर कलाकार तुमच्यापासून लांब असणार. तिथे ५० घेऊन गेलात, तर प्रत्येक चित्र घरी येऊन कापावे लागेल. नवी महाग वाटली, तर चांगल्या अवस्थेतली वापरलेली पाहा, पण दोन वर्षांनी पुन्हा खर्च करण्यापेक्षा एकदाच ८५ घ्या.

सागरगोटा | ५ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

उत्तररात्र यांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण त्यांचा सल्ला प्रेक्षागृहातल्या माणसाचा आहे आणि ओवळ यांचा अर्धा प्रश्न माजघरातला आहे. मी क्रॉप सेन्सरवर ८५ मिमी घेतली होती. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मुलीचा वाढदिवस टिपायचा म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तरी केक आणि तिचा चेहरा एका चौकटीत मावेना. शेवटी जिन्यावर जाऊन दारातून चित्रे काढली. सहा महिन्यांनी ती लेन्स विकून ३५ मिमी एफ/१.८ घेतली आणि आज माझ्या कॅमेऱ्यावर तीच कायम असते.

आजीचा नुसता चेहरा हवा आहे, की आजी, सूप, चूल, काचेच्या कौलातून पडलेला उजेडाचा चौकोन हे सगळे हवे आहे? दुसरे हवे असेल, तर ३५ ला पर्याय नाही. ती तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाऊन फोकस करते, त्यामुळे तांदळातल्या तिच्या बोटांचेही सुंदर चित्र निघेल.

मोगरा_पुणे | ५ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

हाच प्रश्न मलाही आहे, फक्त माझ्याकडे कॅननचा क्रॉप सेन्सर आहे. वाचते आहे.

चौकट | ५ ऑक्टोबर, दुपारी १.३०

सागरगोटा यांनी भिंतीला पाठ लागल्याचे जे लिहिले आहे, तोच माझ्या मते या धाग्यातला मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण लेन्स निवडतो तेव्हा खरे तर उभे राहण्याचे अंतर निवडत असतो, आणि ते अंतर विकत घेण्याआधी मोजता येते.

तुमचा सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिमीचा आहे. कॅमेरा उभा धरून माणूस कमरेपासून डोक्यापर्यंत, म्हणजे सुमारे नव्वद सेंटिमीटर उंचीची चौकट हवी असेल, तर ३५ मिमीने साधारण १.३ मीटरवर, ५० मिमीने १.९ मीटरवर आणि ८५ मिमीने सव्वातीन मीटरवर उभे राहावे लागते. नुसते डोके-खांदे, म्हणजे साठ सेंटिमीटरची चौकट हवी असेल, तर हीच अंतरे अनुक्रमे ०.९, १.३ आणि २.२ मीटर होतात. आता माजघर दहा फूट रुंद असेल, तर ते तीन मीटर झाले. त्यात आजी भिंतीपासून फूटभर पुढे बसणार आणि तुमचेही अंग काही जागा घेणार. म्हणजे ८५ ने अर्धे अंग घेता येणारच नाही. पूर्ण उभा कलाकार घ्यायचा असेल, तर पागोट्याला आणि पायांना मोकळी जागा धरून सव्वादोन मीटरची चौकट लागते आणि ५० मिमीने ती पावणेपाच मीटरवरून मिळते. जत्रेत तुम्ही कुठे बसता, त्यावर पुढचे अवलंबून आहे.

मोगरा_पुणे, कॅननच्या क्रॉप सेन्सरचा गुणक, म्हणजे फुल फ्रेमशी तुलना करताना मिमीच्या आकड्याला ज्याने गुणायचे तो आकडा, दीडऐवजी १.६ आहे. त्यामुळे ५० मिमीची चौकट ८० मिमीसारखी होते आणि वरच्या अंतरांत थोडी भर पडते. २०१५ साली आलेली ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्यावी. तिच्याआधीच्या लेन्सला छिद्राच्या पाच पात्या होत्या, हिला सात आहेत, आणि लेन्स बॉडीला जिथे अडकते ते कडेही हिला धातूचे आहे.

कृष्णधवल | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

चौकट यांच्या अंतरांना जोडून एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याबद्दल बराच गैरसमज आहे. ३५ मिमीने नाक मोठे येते, असे म्हणतात, पण नाक लेन्समुळे मोठे येत नाही, ते आपण जवळ गेल्यामुळे येते. चेहऱ्यात नाकाचे टोक कानापेक्षा साधारण बारा सेंटिमीटर पुढे असते. नव्वद सेंटिमीटरवरून पाहिले, तर हा फरक अंतराच्या तेरा टक्के होतो आणि डोळ्याला खटकतो. सव्वादोन मीटरवरून तो साडेपाच टक्क्यांवर येतो आणि चेहरा शांत दिसतो. त्यामुळे ३५ मिमीने आजीला खोलीसकट टिपायचे असेल, तर खुशाल टिपावे, पण तीच लेन्स घेऊन तिच्या चेहऱ्याजवळ जाऊ नये.

दुसरी गोष्ट, ८५ मिमीची फोकसची जाडी, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग एका वेळी स्पष्ट येतो ती, फार पातळ असते, हेही अर्धेच खरे आहे. एकाच अंतरावरून पाहिले, तर ते खरे आहे. पण डोके-खांदे एवढीच चौकट ठेवून ८५ साठी मागे सरकलात, तर एफ/१.८ वर ५० आणि ८५ या दोन्ही लेन्सची फोकसची जाडी जवळजवळ सारखीच, म्हणजे पाचेक सेंटिमीटर निघते. वेगळी असते ती मागची धूसरता, कारण ती छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरते, आणि एफ/१.८ वर ५० चे छिद्र २८ मिमीचे, तर ८५ चे ४७ मिमीचे असते. उत्तररात्र यांना जो विरघळलेला पडदा आवडतो, त्याचे कारण हे आहे.

आणि पाच सेंटिमीटर म्हणजे किती, तर डोळ्यावर फोकस केला की कान नक्कीच धूसर होणार आणि नाकाचे टोकही किंचित मऊ होणार. म्हणून जवळच्या चित्रांना एफ/२.८ वर जावे. तिथे साडेसात सेंटिमीटर मिळतात. एफ/१.८ ची लेन्स घेतली म्हणून ती सतत एफ/१.८ वरच वापरली पाहिजे असे नाही.

उत्तररात्र | ५ ऑक्टोबर, रात्री ११.१०

कृष्णधवल, फोकसच्या जाडीचे म्हणणे मान्य आहे. मी ते एकाच अंतराच्या हिशेबाने धरून बसलो होतो. माजघराबद्दलही माघार घेतो. मी कधी कोकणातल्या माजघरात चित्रे काढलेली नाहीत आणि तीन मीटरचा हिशेब माझ्या ध्यानात आला नाही. मात्र दशावताराबद्दल माझे मत कायम आहे. ओवळ, तुम्ही तिथे नेमक्या कुठे असता?

ओवळ | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

एवढ्या आपुलकीने लिहिल्याबद्दल सर्वांचे आभार. आमच्या देवळाच्या सभामंडपात खेळ होतो. उंच रंगमंच नसतो. एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज घेऊन बसलेली मंडळी आणि समोर जमिनीवर बसलेले लोक. माझ्या ओळखीची माणसे असल्याने मला पुढच्या रांगेत जागा मिळते, तिथून बाकडे चार-साडेचार मीटरवर असेल. रंगपटातही मला येऊ देतात, आणि ती तर मागची अगदी लहान खोली आहे. तिथे कलाकार कंदिलासारख्या एका बल्बखाली हातातल्या आरशात पाहून स्वतःच रंग लावत बसलेले असतात.

सागरगोटा | ६ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

रंगपट! मग ३५ मिमीच घ्या. ती चित्रे पुन्हा मिळणार नाहीत.

रानवाटा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३.००

लेन्स न घेता काय करता येईल तेही कुणीतरी सांगायला हवे, म्हणून लिहितो. आजीला खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकीकडे कूस करून बसवा आणि सकाळी नऊ ते अकरा या वेळात चित्र काढा. तुमची किट लेन्सही तिथे आयएसओ ८०० वर काम करेल. उजेड कुठून येतो, हे पाहायला शिकलो नाही, तर एफ/१.४ घेऊनही चेहरा सपाटच येतो. काचेच्या कौलाखालचा उजेड वरून सरळ पडतो, तो डोळ्यांच्या खोबणीत सावली पाडतो. आजीच्या मांडीवर पांढरे सुती लुगडे किंवा सुपातला तांदूळ असेल, तर त्याच्यावरून उजेड परत वर उसळतो आणि ती सावली भरून निघते. तांदूळ निवडताना ते आपोआपच होईल.

चौकट | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.१०

रानवाटा यांचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि त्यात माझी एका प्रयोगाची भर आहे. ओवळ, तुम्ही दसऱ्याला घरी जात असाल, तर किट लेन्सचे झूमचे कडे कागदी चिकटपट्टीने एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर चिकटवून टाका. चित्रे दाणेदार आली तरी चालतील. माजघरात, पडवीत, खळ्यात वावरा आणि कोणत्या दिवशी पाय जास्त अडखळतात ते पाहा. या प्रयोगाला काहीही खर्च येत नाही.

थंडगाव | ७ ऑक्टोबर, पहाटे ४.३०

मी मिनेसोटात राहते. डिसेंबरात इथे साडेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे वर्षातले चार महिने माझी सगळी चित्रे दिव्याखालचीच असतात. एक गोष्ट अनुभवाने कळली, ती सांगते. एलईडीच्या उजेडात शटरचा वेग वाढवला, की चित्रावर आडवे काळसर पट्टे येतात किंवा एक चित्र पिवळट आणि दुसरे हिरवट येते. दिवा आपल्याला सलग पेटलेला दिसतो, पण भारतात वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होऊ शकतात. इथे ६० हर्ट्झ असल्याने एकशेवीस वेळा. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले, की निदान एक पूर्ण चढउतार पकडला जातो आणि पट्टे जातात. आजी शांत बसली असेल, तर १/१०० पुष्कळ झाले.

मोगरा_पुणे | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.००

मोबाइलमधल्या पोर्ट्रेट मोडनेही मागचे धूसर होतेच ना? मग एवढा खर्च कशासाठी?

कृष्णधवल | ७ ऑक्टोबर, सकाळी ११.३५

प्रश्न रास्त आहे. मोबाइल आधी सगळे बऱ्यापैकी स्पष्ट टिपतो आणि मग चेहरा कुठे संपतो याचा अंदाज बांधून मागचा भाग धूसर करतो. दिवसा तो अंदाज पुष्कळदा बरोबर येतो. पण आजीच्या अंबाड्यातून सुटलेले पांढरे केस, चष्म्याची काडी, मोरपिसाच्या कडा अशा ठिकाणी तो चुकतो आणि अर्धे केस पुसले जातात. लेन्समधली धूसरता अंतराने हळूहळू वाढत जाते, तिला कडा शोधाव्या लागत नाहीत.

एफ/१.८ च्या लेन्सचीही एक खोड सांगून ठेवतो. पूर्ण उघड्या छिद्रावर चमकदार कडांना जांभळी किंवा हिरवी झालर येते. चांदीच्या दागिन्यांवर, जरीच्या काठावर, मुकुटाच्या कोरांवर ती हमखास दिसते. एफ/२.५ च्या पुढे ती बरीच कमी होते आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, चित्र घेतले असेल, तर उरलेली संगणकावर काढता येते.

रानवाटा | ७ ऑक्टोबर, रात्री ८.१५

वर वापरलेल्या लेन्सचा विषय निघाला आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी एका दुकानातून वापरलेली प्राइम लेन्स घेतली. काच वरून आरशासारखी स्वच्छ होती, पुढच्या पावसाळ्यात मात्र चित्रांवर दुधी पडदा यायला लागला. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने लेन्सच्या एका बाजूने विजेरी धरली आणि दुसऱ्या बाजूने मला पाहायला सांगितले, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरलेले दिसले. ते विकत घेण्याआधीही दिसले असते, मला तसे पाहायचे ठाऊक नव्हते.

तेव्हापासून वापरलेली लेन्स मी विजेरीशिवाय घेत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेलाचा ओशटपणा आहे का, फोकसची मोटर करकरते का, हेही पाहतो. कोकणात ठेवायची असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि आतल्या आर्द्रतेचा आकडा दाखवणारे लहान यंत्र डब्यातच ठेवा. चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान आर्द्रता राहिली, की चिंता नाही. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत पावसाळाभर लेन्स कधीही ठेवू नये.

ओवळ | २९ ऑक्टोबर, रात्री १०.०५

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. चौकट यांनी सांगितलेला प्रयोग मी केला आणि तो केला नसता, तर चुकीची लेन्स घेतली असती.

पहिल्या दिवशी ३५ वर पट्टी चिकटवली. माजघरात फार सोयीचे वाटले. आजी, सूप आणि खिडकी सहज मावत होती. पण संध्याकाळी चित्रे पाहिली, तेव्हा लक्षात आले की मी दर चित्रात नकळत तिच्याजवळ सरकत गेले होते. अकरा वाजता काढलेल्या चित्रात मी दीड मीटरवर असेन, बारा वाजता हातभर अंतरावर. आणि त्या जवळच्या चित्रांत ती माझी आजी दिसत नव्हती. चेहरा पुढे ओढल्यासारखा होता आणि कॅमेरा एवढा जवळ आल्यामुळे तिने पदर सारखा केला होता, ओठ मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ५० वर पट्टी होती. सहा फुटांवर, दाराच्या चौकटीला टेकून मी बसले. अर्ध्या तासाने ती मला विसरली आणि शेजारच्या काकींशी रातांब्यांच्या झाडाविषयी बोलायला लागली. मला हवा होता तो चेहरा तिथे होता.

सागरगोटा, तुमच्या ३५ ला मी नाही म्हणत नाही, पण मला खोलीपेक्षा माणूस हवा आहे, हे मला त्या दोन दिवसांत कळले. खोलीची चित्रे दिवसा किट लेन्सनेही निघतील. मी ५० मिमी एफ/१.८ जी मागवली आहे, नवीनच.

सागरगोटा | २९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

मनापासून अभिनंदन. स्वतः पाहून घेतलेल्या निर्णयापुढे आमच्या शिफारशींना अर्थ नाही. रंगपटातली चित्रे मात्र आम्हाला दाखवा.

उत्तररात्र | ३० ऑक्टोबर, रात्री १२.१५

जत्रेसाठी तीन गोष्टी सांगतो. शटर १/२०० च्या खाली आणू नका, कारण दशावतारात युद्धाचे प्रसंग असतात आणि तलवारीचा हात फार वेगाने फिरतो. पट्टे दिसायला लागले, तर शांत प्रसंगापुरते १/१०० वर या. उजेड मोजण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडू नका. मागे काळोख असला, की तो सगळी चौकट उजळायला जातो आणि रंगवलेला चेहरा पांढराफटक येतो. मॅन्युअल मोडमध्ये चेहऱ्यावरून आकडे ठरवा आणि दिवे बदलत नाहीत तोपर्यंत ते हलवू नका. फोकससाठी तुमच्या कॅमेऱ्यात ३९ बिंदू आहेत, त्यांतले मधले नऊ क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारे आहेत. अंधारात तेच भरवशाचे. पण मधल्या बिंदूने डोळा धरून मग चौकट वळवण्याची सवय एफ/१.८ वर महागात पडते, कारण तेवढ्या वळण्यातही फोकस डोळ्यावरून सुटतो. त्या नवांपैकी जो डोळ्याच्या सर्वांत जवळ असेल, तो निवडा.

ओवळ | १४ डिसेंबर, दुपारी ४.५०

परवा आमची जत्रा झाली. रात्री साडेअकरापासून पहाटे पाचपर्यंत मी पुढच्या रांगेत होते. बहुतेक चित्रे एफ/२.२, १/२०० आणि आयएसओ ३२०० वर काढली. साधारण चारशे चित्रांपैकी साठेक ठेवण्यासारखी आहेत. युद्धाच्या प्रसंगात पुष्कळ हुकली. माणूस माझ्याकडे धावत येताना फोकस मागेच राहत होता. उत्तररात्र, साडेचार मीटरवरून उभा राजा पायांपासून मुकुटापर्यंत जेमतेम मावला, पण नुसता चेहरा हवा तेव्हा तुमची ८५ आठवली, हे प्रामाणिकपणे सांगते.

सर्वांत आवडलेले चित्र रंगपटातले आहे. राणीची भूमिका करणारे कलाकार, वय पन्नाशीच्या पुढचे, भिंतीला टेकून एका हातात आरसा धरून डाव्या डोळ्यात काजळ घालत होते. चेहऱ्यावर गुलाबी रंग पूर्ण झाला होता, मात्र मानेखाली बनियन आणि उन्हाने रापलेले शेतकऱ्याचे खांदे होते. आरसा धूसर आला आहे, पण आरशाकडे पाहणारा डोळा इतका स्पष्ट आहे की पापणीवर सांडलेली रंगाची पूड दिसते. दारात बसून काढले, अंतर दीड मीटरही नसेल. एफ/२, १/१००, आयएसओ १६००. थंडगाव, पट्टे आले नाहीत.

उत्तररात्र | १४ डिसेंबर, रात्री ११.३०

बनियनचे खांदे चौकटीत ठेवलेत, हे फार चांगले केलेत. ८५ असती, तर तेवढ्या खोलीत ते सुटले असते.

मोगरा_पुणे | १५ डिसेंबर, सकाळी ९.२०

आणि आजीचे चित्र?

ओवळ | १५ डिसेंबर, रात्री ८.००

खिडकीजवळचे, सकाळी दहाचे, एफ/२.८ वरचे एक चित्र आठ बाय बारा इंचांवर छापून तिला नेऊन दिले. तिने ते दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिले आणि मग चित्रातल्या कानातल्या कुडीवर बोट ठेवून म्हणाली, “ह्यो मोती फुटलेलो हा, माका कोणी सांगूक नाय.” खरेच फुटला होता. आता शनिवारी आम्ही दोघी सोनाराकडे जाणार आहोत.